भरलंय की धरलंय?

"आबा, पुढे पाणी साचलंय. दोन पावलं डावीकडून या," काठी म्हणाली. आणि मग त्याच सुरात, बाजारभाव सांगावा तसं, तिने पुढचं सांगून टाकलं, "सोमवारपासून मी येणार नाही. थोरल्याकडे माझ्यासाठी जागा उरलेली नाही."

आबा पुलावर जागच्या जागी थांबले. मागून येणारी त्यांची नात केतकी त्यांच्या पाठीवर आपटता आपटता वाचली.

ही काठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे. आबांच्या सदऱ्याच्या खिशाला बटणाएवढं एक यंत्र अडकवलेलं असे. त्याला डोळा होता आणि आवाज होता. डोळ्याला दिसेल ते यंत्र थोरल्याला, म्हणजे गावच्या मोठ्या संगणकाला, कळवायचं, थोरला विचार करायचा आणि उत्तर काठीच्या आवाजात आबांच्या कानी पडायचं. आबांची, म्हणजे त्र्यंबक सुरवशांची, दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण संध्याकाळी पुलापर्यंत जायचं, कठड्याला टेकून नदी ऐकायची आणि परत यायचं, हा त्यांचा शिरस्ता कधी चुकला नाही. कोणाचा हात न धरता, स्वतःच्या पायांनी. केतकी सोबत असली तरी तिने मागून चालायचं, असा नियम होता.

आता काठी गेली की आबांना कोणीतरी हाताला धरून न्यायचं. कोणीतरी म्हणजे ज्याला वेळ असेल तो. आईची दवाखान्यात पाळी, केतकीची शाळा. वेळ कोणाला असतो, हे आबांना न दिसताही चांगलं ठाऊक होतं.

"आवाजाला कसली जागा लागते?" केतकीने विचारलं. "आवाज काय खुर्चीवर बसतो?"

"घरी चल, सांगतो," आबा म्हणाले. त्या दिवशी ते नदी न ऐकताच परत फिरले.

घरी आल्यावर त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्यावर हात फिरवला. ओट्यावर परात होती, चिरलेली मेथी होती, चहाचं आधण होतं.

"आपल्याकडे किती डाळी, किती पिठं आहेत गं?"

"फडताळ भरून आहेत."

"आणि त्यातलं ओट्यावर काय आहे?"

"आत्ता लागतंय तेवढंच."

"थोरल्याचंही तसंच. फडताळ म्हणजे त्याचा साठा (कायम जपून ठेवलेली माहिती). आणि ओटा म्हणजे कार्यस्मृती (काम चालू असताना ते मांडायला लागणारी जागा). फडताळ कितीही मोठं असू दे, स्वयंपाक ओट्यावरच होतो. काठी माझ्याशी बोलते तेव्हा तिला ओट्याचा एक कोपरा लागतो. तो नाही, असं तिला कोणीतरी सांगितलंय."

थोरला म्हणजे धामणखेडचा मुख्य संगणक (एकाच वेळी हजारो लोकांची कामं उरकणारं मोठं यंत्र). गावातले दिवे, पाणी, शाळेचे धडे, दवाखान्यातल्या नोंदी, सगळा कारभार त्याच्याच डोक्यावर. तो बसवला तेव्हा बसवणाऱ्या शास्त्रज्ञांत आबाही होते. सत्कार झाला, शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. त्यानंतर गावाने त्यांना विसरण्यात मुळीच हयगय केली नाही.

केतकीच्या मनात मात्र दुसरीच भीती होती. "म्हणजे काठी तुम्हाला विसरणार? आपल्या फाटकाची कडी अडकते, तुम्हाला पायरी आधी सांगावी लागते, ते सगळं?"

"नाही विसरणार. ती जे शिकली ते साठ्यात आहे, फडताळात. ते कोणी पुसलेलं नाही. फक्त तिला ओट्यावरून उतरवलंय." आबा कडवट हसले. "माझ्यासारखंच."

शनिवारी सकाळी दोघं गणनकेंद्रात गेले. काठीचा तो शेवटचा शनिवार. दारात विनम्र उभा होता. विनम्र हा केंद्रातला यंत्रमानव. त्याचं नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते त्याच्या डोक्यात गेलं होतं.

"आपलं स्वागत आहे," विनम्र म्हणाला. "काठी सेवेबद्दल आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. जागा शिल्लक नाही."

"किती शिल्लक नाही?" आबांनी विचारलं.

 आदर करायला विनम्रला शिकवलं होतं, मोजायला नाही.

"पडदा कुठाय?" आबा केतकीला म्हणाले. "ओसरीत नागरिकांसाठी एक पडदा असायला हवा. आम्हीच भांडून बसवून घेतला होता. थोरल्याचा कारभार कोणालाही पाहता आला पाहिजे म्हणून."

पडदा होता. त्याच्यापुढे शोभेची कुंडी ठेवलेली होती. केतकीने ती बाजूला सरकवली.

"हात लावला तर काही बिघडणार नाही ना?"

"नीट ऐक. थोरल्याला दोन प्रकारच्या आज्ञा देता येतात. एक 'बदल' आणि दुसरी 'दाखव'. बदलायला अधिकार लागतो, किल्ली लागते. दाखव म्हटलं तर तो फक्त दाखवतो, त्याच्या कामाला धक्का लागत नाही. डॉक्टर नाडी बघतात म्हणून ताप वाढतो का? तसंच आहे ते. लिही, दाखव स्मृती."

केतकीने लिहिलं. पडद्यावर एकच ओळ उमटली आणि ती वाचताना तिचा आवाज पडला. "व्यापलेली, शंभरातले सत्त्याण्णव भाग. आबा, खरंच भरलंय हो. उरलेत तीनच."

विनम्र मागून म्हणाला, "जागा शिल्लक नाही."

 पडद्याच्या कडेवर आबांची बोटं नुसती वाजत राहिली. मग त्यांनी विचारलं, "कोणता शब्द आहे म्हणालीस?"

"व्यापलेली."

"हा शब्द आमचा नाही. आम्ही दोन शब्द ठेवले होते. कोणीतरी पडदा सोपा करायला गेला आणि दोघांचा मिळून एक करून टाकला. केतकी, तू एसटीत बसलीयेस ना?"

"आजोळी जाताना."

"गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून काय टाकतात?"

"रुमाल. जागा धरायला."

"मग गाडी आत जाऊन बघितली तर कशी दिसते?"

"सगळ्या जागा गेलेल्या दिसतात. पण माणसं बसलेली नसतात, नुसते रुमाल..." केतकी बोलता बोलता थांबली. "आबा, धरलेली जागा आणि भरलेली जागा, हे दोन शब्द होते का?"

"तेच दोन. लिही, दाखव स्मृती सविस्तर."

आता पडद्यावर लांबलचक यादी आली. डावीकडे कामांची नावं आणि पुढे दोन रकाने. पहिला धरलेली, दुसरा भरलेली. केतकी वाचत गेली आणि आबा ऐकत गेले. त्यांना दिसत नव्हतं आणि तिला समजत नव्हतं. तिने वाचायचं आणि त्यांनी उलगडायचं, अशी वाटणी आपोआप झाली.

"दवाखाना, धरलेले चौदा भाग, भरलेले अकरा."

"बरोबर आहे. रोगी अचानक वाढले तर हाताशी थोडी मोकळी जागा हवी. तो रुमाल हवाच."

"पाणी, धरलेले नऊ, भरलेले सात. शाळा, धरलेले बारा, भरलेले आठ." आणखी काही ओळी झाल्या आणि केतकी अडखळली. "आबा, हे काय आहे? मान्यवर."

"काय?"

"मान्यवर असंच लिहिलंय. धरलेले पस्तीस, भरलेले शून्य."

आबांनी तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. आकडा तोच राहिला.

"आता लिही, दाखव प्राचले. प्राचल म्हणजे यंत्र सुरू होताना त्याला ठरवून दिलेला आकडा. कोणाला किती जागा, एका वेळी किती कामं, असे सगळे आकडे थोरला जागा होताना एकदाच वाचतो आणि पुन्हा झोपेपर्यंत तेच पाळतो. कुठे चुकीचा आकडा दिला असेल तर तोही इमानेइतबारे पाळतो."

प्राचलांची यादी आली. केतकीने बोट फिरवत शोधलं आणि वाचलं, "मान्यवर राखीव, पस्तीस. न हलणारी. कारण, उद्घाटन सोहळा."

"न हलणारी," आबा पुटपुटले. "एरवी कोणी जागा धरून नुसतं बसलं तर थोरला स्वतःच त्याचं बोचकं उचलून साठ्यात ठेवतो आणि जागा दुसऱ्याला देतो. त्याला तेवढी अक्कल आम्ही दिलीये. पण 'न हलणारी' असं सांगून ठेवलं की त्याचे हात बांधले."

केतकीला शाळेतलं स्नेहसंमेलन आठवलं. पुढे पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे, त्यावर मान्यवर असं लिहिलेल्या चिठ्ठ्या. मान्यवर आलेच नाहीत. सोफे शेवटपर्यंत रिकामे राहिले आणि आई मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा केतकीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि संताप आला.

"आणि काठीला किती लागते?"

"एक भागसुद्धा नाही," आबा म्हणाले. "त्याचाही एक तुकडा. पण ते उरलेले तीन भाग थोरल्याला स्वतःला चालायला लागतात."

विनम्रने आत वर्दी दिली असावी, कारण केंद्रप्रमुख उजगरे लगबगीने बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. त्यांनी आबांच्या पाया पडायचंही सोडलं नाही.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मीच घरी आलो असतो."

"उजगरे, हे मान्यवर कोण?"

उजगरेंनी पडद्याकडे बघितलं, मग बाजूला सरकवलेल्या कुंडीकडे बघितलं. "ते होय. उद्घाटनाच्या वेळी पाहुण्यांना गावाचं भविष्य दाखवायचं होतं. भिंतभर हलती चित्रं, त्याला फार स्मृती लागणार होती. म्हणून राखून ठेवली."

"मग दाखवलं?" केतकीने विचारलं.

"पाहुणे आले नाहीत. त्यांचं ऐन वेळी रद्द झालं."

"मग रुमाल का नाही उचलला?"

"कसला रुमाल?" उजगरे गोंधळले. आबांनी सांगितल्यावर त्यांनी कपाळ पुसलं. "बाळ, उचलायचा कोणी? 'मान्यवर' लिहिलंय ना तिथे. उद्या ते आले आणि त्यांची जागा नाही असं झालं, तर सही कोणाची? माझी. माझ्या आधीच्यांनी काढलं नाही, मी कशाला काढू? आणि आम्हाला पडद्यावर व्यापलेली सत्त्याण्णव एवढंच दिसतं. वरून हुकूम आला, ज्या सेवा फार थोडे लोक वापरतात त्या बंद करा. तुमची काठी गावात मोजून पाचसहा जण वापरतात, सर."

"पाचसहा जणांना काही दिसत नाही म्हणून वापरतात," आबा म्हणाले. "बाकीच्यांना दिसतं आणि तरी ते बघत नाहीत, त्यांच्यासाठी काय सोय आहे तुमच्याकडे?"

उजगरेंनी मान खाली घातली. आबांना ते दिसलं नाही. केतकीला दिसलं, पण तिला त्यांची कीव आली नाही.

"बरं, सर, बदलू म्हटलं तरी लगेच जमणार नाही. तुम्हाला तर माहीतच आहे. प्राचल बदलायचं तर थोरला बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. सगळं गाव थांबेल. आपण तो वर्षातून एकदाच थांबवतो, खंडेनवमीला, पूजेसाठी."

खंडेनवमीला म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आणि आत्ता कुठे चैत्र संपत होता.

सोमवारी काठी बंद झाली. जाताना तिने कोणतंही भाषण केलं नाही. "आबा, पायरी आहे," एवढं म्हणाली आणि त्यानंतर खिशावर नुसतं बटण राहिलं.

पहिले काही दिवस केतकीने आबांना हाताला धरून पुलावर नेलं. पण तिला पायरी वेळेवर सांगता यायची नाही. एकदा ती मैत्रिणीशी बोलत राहिली आणि आबांचा पाय गटाराच्या कडेवरून घसरला. लागलं फारसं नाही. आबा रागावलेही नाहीत, आणि तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज नको, गुडघा दुखतोय." मग कधी ऊन होतं, कधी पाऊस होता. श्रावण उजाडेपर्यंत त्यांना कारणं सांगायचीही गरज उरली नाही. ते खिडकीतल्या खुर्चीत बसून राहू लागले. आई दोनदा विचारायची, मग एकदा, मग तिनेही विचारणं सोडलं.

केतकी मात्र दर शनिवारी गणनकेंद्रात जायची, कुंडी बाजूला करायची आणि लिहायची, दाखव स्मृती सविस्तर. मान्यवर, धरलेले पस्तीस, भरलेले शून्य. ओसरीत इतर लोक ताटकळत बसलेले असायचे. कोणाच्या शेताचा हवामान-अंदाज बंद झाला होता, कोणाच्या मुक्या मुलाची बोलती पाटी. सगळ्यांना विनम्र तेच सांगायचा. केतकी मोठ्याने विचारायची, "विनम्र, भरलंय की धरलंय?"

"मला हा प्रश्न समजला नाही," विनम्र म्हणायचा.

पण लोकांना समजला. त्या मुक्या मुलाच्या वडिलांनी तिला रकाने समजावून द्यायला सांगितलं. मग त्यांनी ते शेजारी बसलेल्या बाईंना समजावलं. भाद्रपदात कोणीतरी कुंडी उचलून थेट बाहेर नेऊन ठेवली. आता उजगरे दारातून आत आले की ओसरीतून चारजण एका सुरात विचारायचे, "साहेब, भरलंय की धरलंय?" उजगरे मागच्या दाराने येऊ लागले.

खंडेनवमीला थोरल्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गावाचे दिवे गेले. थोरला बंद असतानाची शांतता केतकीने पहिल्यांदाच ऐकली. मग उजगरेंनी किल्ली फिरवली आणि तो पुन्हा गुणगुणू लागला. तो आपली प्राचलं वाचत होता. केतकी ओसरीतल्या पडद्याकडे धावली.

दाखव प्राचले.

मान्यवर राखीव, अठरा. न हलणारी.

उजगरे तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. "निम्मं काढलं," ते हळूच म्हणाले. "बंद केलेल्या सेवाही पुन्हा सुरू केल्यात. पण सगळं काढायचा धीर नाही झाला गं."

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. सतरा भाग मोकळे झाले होते. त्यात काठी मावत होती, अंदाज मावत होता, बोलती पाटी मावत होती. इतक्या महिन्यांपासून हे सगळं मावत होतं. ती थँक्यू म्हणाली नाही. प्रसादाचं खोबरं तिने घेतलं आणि घर गाठलं.

आबा खुर्चीत होते. खिशावरचं बटण तिने लुगड्याच्या चिंधीने पुसलं, तोच त्यातून आवाज आला, "आबा, फाटकाची कडी अजून अडकते का?"

आबांनी बटण चाचपलं. "अडकते," ते म्हणाले. "तुझ्या लक्षात आहे?"

"साठ्यात होतं," काठी म्हणाली. "चला, पुलावर जायचं ना?"

आबा उठले. उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पूर्वी ते इथे कधी थांबत नसत. त्यांनी चौकट धरली, पाय पुढे टाकून चाचपडला, मागे घेतला. केतकीला तेव्हा कळलं, की काठी जशीच्या तशी परत आली होती, आबा तसे राहिले नव्हते. इतके महिने बसून बसून त्यांच्यातलं काहीतरी गेलं होतं आणि ते कुठल्याही साठ्यात ठेवलेलं नव्हतं. तिला रडू आलं. कोणावर चिडावं तेही कळेना, कारण चिडायला समोर कोणी मान्यवर नव्हतेच.

"पायरी आहे, आबा," काठी म्हणाली. "एकच."

आबा पायरी उतरले. अंगण ओलांडलं. फाटकाशी आले, कडी उचलून सोडवली आणि फाटक उघडून तसेच उभे राहिले. केतकी नियमाप्रमाणे मागे होती.

"पुढे रस्ता मोकळा आहे," काठी म्हणाली.

"आज इथपर्यंतच," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उद्यासाठी धरून ठेव."

"धरून नाही ठेवायचा, आबा," केतकी मागून म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता. "उद्या आपण यायचं."

 दूरवर पुलाखालून पाणी वाहत होतं, ते इथून ऐकू येत नव्हतं. मग आबांनी कडी न लावताच फाटक नुसतं लोटलं आणि ते घराकडे वळले.